अंदमानच्या धनेशाच्या नावाखाली आमचे १,२२,२०० रुपये गेले, सातारा-सांगलीच्या पक्षीवाल्यांनी वाचा

मी आणि मिस्टर, दोघांचे मिळून १,२२,२०० रुपये गेलेत. चार रात्री क्रूझवर, वाटेत बॅरन बेटाचा ज्वालामुखी, मग अंदमानच्या नारकोंडम बेटावर उतरून तिथला धनेश (हॉर्नबिल पक्षी) बघायचा, परत येताना पक्ष्यांसाठी चिडिया टापू, असं ते पॅकेज होतं. एजंटचं नाव वकिलांनी लिहू नका सांगितलंय म्हणून लिहीत नाही, पण ज्यांच्याकडं हे ब्रोशर आलंय त्यांना बरोबर कळेल.

आधी हे सांगते की माणूस अनोळखी नव्हता, कारण "एवढी शिकलेली माणसं फसतातच कशी" हे तोंडावर ऐकून झालंय. मायणीला रोहित (फ्लेमिंगो) बघायला गेलं की हा मोठी लेन्स लावून तिथं हजर, अजिंक्यताऱ्यावर सकाळी भेटायचा, घरी चहाला आलाय. स्टँडजवळ गाळा, बाहेर बोर्ड, आत कॉम्प्युटरवर एक मुलगी. अशा माणसावर कोणीही विश्वास ठेवला असता. माणशी ४८,५०० म्हणजे दोघांचे ९७,०००, त्यातले ४०,००० आधी आणि ५७,००० तिकीट आल्यावर.

आता जे मला रात्री झोपू देत नाही ते सांगते. ब्रोशरवर नारकोंडम धनेश म्हणून जो फोटो होता तो मोठ्या धनेशाचा होता, आपल्या कोकणात दिसतो तो, चोचीवर पिवळं जाडजूड शिंग असलेला. नारकोंडमच्या नराची डोकं-मान तांबूस असते, मादी काळी, आणि चोचीवर असलं शिंग नसतंच. मला पहिल्या नजरेत दिसलं, मी बोलले पण, तर म्हणाला "वहिनी, प्रिंटरवाल्यानं नेटवरून उचललाय, आपल्याला खरा बघायचाय ना". आणि मी गप्प बसले! तिथंच उठून यायला पाहिजे होतं. पण मिस्टर नुकतेच रिटायर झालेले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढे खुश, त्यांच्यासमोर एका फोटोवरून वाद घालायला जीभ रेटली नाही.

मग आला परमिटचा विषय. नारकोंडमला उतरायची "स्पेशल परवानगी" म्हणून माणशी १२,६००, दोघांचे २५,२००. नारकोंडम म्हणजे जेमतेम ७ चौरस किलोमीटरचं बेट, १९७७ पासून अभयारण्य, हा धनेश जगात दुसरीकडं कुठंच जंगलात नाही, आणि टूरवर जाऊन उतरायची ती जागाच नाही. २०१२ साली तटरक्षक दलाच्या रडारला सुद्धा याच पक्ष्यासाठी पर्यावरण मंत्रालयानं नकार दिला होता, परवानगी मिळाली ती २०१४ मध्ये. जिथं तटरक्षक दलाला थांबावं लागलं तिथं साताऱ्यातल्या गाळ्यातून १२,६०० रुपयांत परमिट निघतं होय? हे सगळं मी नंतर वाचलं. आधी फक्त "परमिट मर्यादित आहेत, आज नाही भरले तर दुसऱ्याला जातील" एवढंच ऐकलं आणि जीपे केलं, ते पण त्याच्या मेहुण्याच्या नंबरवर.

विमानाची तिकिटं व्हॉट्सॲपवर आली, पीएनआर टाकला की नाव दिसायचं, म्हणून ५७,००० पण दिले. वेब चेक-इन होईना म्हणून एअरलाइनला फोन केला तर बुकिंग नुसतं होल्डवर टाकलेलं, पैसे भरलेलेच नाहीत. पीएनआरवर अजिबात जाऊ नका, तिकिटावर १३ आकडी ई-तिकीट नंबर आहे का बघा आणि एअरलाइनकडून खात्री करून घ्या. तोवर त्याचा फोन बंद, गाळ्याला कुलूप, आणि गाळामालक म्हणतो माझंच भाडं थकलंय.

खरा मनस्ताप पुढं. पोलीस ठाण्यात म्हणाले पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. सायबरवाले म्हणाले माणूस ओळखीचा, ओटीपी चोरला नाही, हे सायबरमध्ये बसत नाही, ठाण्यातच जा. परत ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेलो तर "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय". एका हवालदारानं तर मिस्टरांना विचारलं की पक्षी बघायला एवढे पैसे कोण घालवतं, आणि आजूबाजूचे हसले. अहो, आम्ही पैसे कशावर घालवायचे ते आम्ही बघू, तुम्ही चोर पकडा ना! आयुष्यभर टॅक्स भरलेल्या माणसाला बाकड्यावर बसवून ठेवायचं आणि वर त्याचीच उलटतपासणी. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर वाद घालत बसू नका, बीएनएसएस (नवा फौजदारी प्रक्रिया कायदा) कलम १७३(४) लिहून एसपींना पोस्टानं लेखी पाठवा, आम्ही शेवटी तेच केलं. आणि फसल्याचं कळल्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, आमचा पहिला दिवस त्याच्या मेहुण्याच्या विनवण्या करण्यात गेला, तोवर खातं रिकामं. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील नसला तरी चालतं.

पैसे फर्मच्या खात्यावरच द्या, जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकून बघा, आणि नारकोंडम किंवा निकोबारला सहज नेतो म्हणणाऱ्याला दारातूनच घालवा. अंदमानचा काळा सुतार पक्षी, तिथला सर्पगरुड हे चिडिया टापूच्या बाजूला बघायला मिळतात, त्यासाठी असली "स्पेशल परवानगी" लागत नाही.

कराडचं एक कुटुंब आणि सांगलीचे दोघं सापडलेत, रकमा वेगळ्या पण मेहुण्याचा नंबर तोच. अजून कोणी दिले असतील तर लाजू नका, बँक स्टेटमेंट आणि चॅटच्या प्रिंट काढून मला मेसेज करा, एकत्र अर्ज दिला तर दिवाणी मामला म्हणून परत पाठवणं त्यांना जड जाईल.