सिकलसेल तपासणी: सोल्युबिलिटी, कार्ड की एचपीएलसी? तालुक्याचा हिशेब कसा मांडावा

सिकलसेल (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्तविकार) तपासणीच्या किटचा प्रस्ताव आला की बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला: एका टेस्टचे किती पडतात? गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न अपुरा पडतो. एका माणसाचं पक्कं निदान होऊन रिपोर्ट त्याच्या हातात पडेपर्यंत एकूण किती खर्च आला, हे सगळे पर्याय शेजारी-शेजारी ठेवून मोजायचं असतं. यालाच आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन किंवा एचटीए म्हणतात. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून ‘एचटीएइन’ हे काम करते. पण दिल्लीत निघालेला निष्कर्ष जसाच्या तसा गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्याला लावता येत नाही, कारण अंतरं, मनुष्यबळ आणि लोक परत येण्याचं प्रमाण सगळीकडे वेगळं असतं.

सोल्युबिलिटी टेस्ट सर्वांत स्वस्त. बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात टाकायचं, पाच मिनिटांनी नळीमागच्या काळ्या रेघा दिसतात का ते पाहायचं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. अडचण अशी की वाहक (सदोष जनुक पुढच्या पिढीला देऊ शकणारा, एएस पॅटर्न) आणि रुग्ण (एसएस पॅटर्न) दोघांची नळी सारखीच गढूळ होते. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्याने टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. रक्त फार कमी असलं तरी तसंच, म्हणून अशा रुग्णाला नमुना वाढवून घ्यावा लागतो. द्रावणातलं डायथायोनाइट हे रसायन हवेने आणि उष्णतेने निकामी होतं. त्यामुळे दर दिवशी सुरुवातीला एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना चालवून बघायलाच हवा. नेमकी हीच पायरी शिबिराच्या घाईत गळते.

कार्ड टेस्टमध्ये एए (सिकलसेल नसलेला), एएस, एसएस वेगळे कळतात, तेही जागेवर आणि विजेशिवाय. मात्र सगळी कार्डं एकसारखी वाचायची नसतात. काहींवर रेघ उमटली म्हणजे त्या रेघेच्या प्रकारचं हिमोग्लोबिन आहे, काहींवर रेघ गायब झाली म्हणजे आहे. पुरवठादार बदलला आणि एएनएमना (उपकेंद्रातल्या परिचारिकांना) पुन्हा प्रशिक्षण दिलं नाही, तर आख्खं गाव उलटं वाचलं जाऊ शकतं. नुकतंच रक्त चढवलेल्याचा निकाल धरू नये. सिकल-बीटा थॅलेसेमिया (सिकलसेल आणि थॅलेसेमिया या दोन्हींचं जनुक असलेला आजार) कार्डावर साध्या एएस किंवा एसएससारखाच दिसतो.

एचपीएलसी ही प्रयोगशाळेतल्या यंत्रावरची तपासणी हिमोग्लोबिनचे प्रकार टक्क्यांत सांगते, म्हणून निदान पक्कं करायला ती वापरतात. सरसकट सगळ्यांना करणं मात्र परवडणारं नाही.

आता आकडे. खालचे दर आणि प्रमाण फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा १०,००० लोक तपासायचेत, त्यात १,००० वाहक आणि ५० रुग्ण. सोल्युबिलिटी १५ रुपये, कार्ड ६०, एचपीएलसी ३५०.

सोल्युबिलिटीचे दीड लाख. मग १,०५० जणांना एचपीएलसीसाठी पुन्हा बोलवायचं. धानाची रोवणी किंवा तेंदूपत्त्याचा हंगाम असेल तर येतात किती? ६० टक्के धरा. म्हणजे ६३० जण, २,२०,५०० रुपये. एकूण ३,७०,५००, आणि सापडले ३० रुग्ण. एका रुग्णामागे १२,३५०.

कार्डाचे सहा लाख. फक्त ५० एसएस जणांचा पाठपुरावा करायचाय, नावं त्याच दिवशी कळलीत, आशाताई मागे लागून ४५ जणांना आणतात. त्यांच्या एचपीएलसीचे १५,७५०. एकूण ६,१५,७५०, एका रुग्णामागे सुमारे १३,६८३. सरासरी पाहिली तर कार्ड महाग वाटतं. पण जास्तीच्या २,४५,२५० रुपयांत १५ रुग्ण अधिक सापडले, म्हणजे प्रत्येक वाढीव रुग्णाला १६,३५०. बैठकीत मांडायचा आकडा हा. १६,३५० रुपयांत एक रुग्ण शोधायला तालुका तयार आहे का, एवढंच ठरवायचं.

तिसरी वाट बहुतेक प्रस्तावांत नसते, आणि आमच्या मते ती आधी तपासावी. सोल्युबिलिटीचा निकाल पाच मिनिटांत येतो, तर पॉझिटिव्ह माणसाचं रक्त तिथेच ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत का घेऊ नये? दुसरी फेरीच उरत नाही. १,०५० नमुन्यांची एचपीएलसी धरून खर्च ५,१७,५०० आणि, नमुने नीट पोचले तर, पन्नासच्या पन्नास रुग्ण: प्रत्येकी १०,३५०. कार्डापेक्षा स्वस्त आणि जास्त रुग्ण! अट एवढीच की शिबिरात शिरेतून रक्त घेणारा माणूस, दोन ते आठ अंशांची पेटी आणि वाहन हवं, आणि त्यांचा खर्चही यात मिळवावा लागतो. नळी बर्फाला थेट टेकली तर रक्तपेशी फुटतात. नळीवर नाव लिहायचं राहून गेलं तर नमुना वाया. रिपोर्ट तालुक्याला पडून राहिला तर सगळंच वाया.

म्हणून आधी लॅब टेक्निशियनची रिक्त पदं मोजा, मग किटचे दर. टेक्निशियन आणि गाडी असेल तिथे सोल्युबिलिटीसोबत तिथेच नमुना. भामरागडसारख्या, पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या भागात कार्ड. नवजात बाळांसाठी सोल्युबिलिटी नकोच, नवजातांवर पडताळलेलं कार्ड किंवा एचपीएलसी. गरोदर बाई आणि तिचा नवरा दोघेही वाहक निघाले तर दोघांची एचपीएलसी, आणि तीही लवकर.

वस्त्या निवडताना फक्त आदिवासी पाडे धरू नका. विदर्भात काही अनुसूचित जातींतही सिकलसेल आहे.

प्रस्तावात पुढच्या वर्षांचा औषधखर्च वेगळा दाखवा. ५० रुग्णांना रोज एक हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलवरचं औषध) कॅप्सूल धरली तरी वर्षाला १८,२५० कॅप्सूल लागतात, शिवाय ठरावीक काळाने सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी). ही तरतूद नसेल तर तपासणीचं उद्दिष्ट कमी करा, औषध तोडू नका.

पैसा सिकलसेलवर घालायचा की डायलिसिस मशीनवर, अशी तुलना करायची झाली तर ‘प्रति रुग्ण’ चालणार नाही, तिथे गुणवत्तायुक्त आयुर्वर्षांचा (किती वर्षं आणि किती चांगल्या तब्येतीत जगता आली) हिशेब लागतो. तो जिल्ह्यात बसून करण्यापेक्षा एचटीएइनचा अहवाल वापरावा.

खरेदीबद्दल एकच: वर्षभराची किट एकदम घेऊ नका. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ पार जातो. पाकिटावरची तापमानमर्यादा आणि उपकेंद्रातल्या पत्र्याखालच्या खोलीचं तापमान ताडून पाहा, आणि पुरवठा टप्प्याटप्प्याने करण्याची अट निविदेतच घाला.