शुअर एसएम५८ घरच्या वाचनासाठी: आठ महिने वापरल्यावर

मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. रविवारी सकाळी तासभर थेट वाचनही असतं, त्यात मुलं मध्येच थांबवून प्रश्न विचारतात. गेल्या दिवाळीपर्यंत हे सगळं एका यूएसबी कंडेन्सर माईकवर (लॅपटॉपला थेट जोडायचा, बारीक आवाजही टिपणारा) चालायचं आणि मला तो आवाज चांगला वाटायचा. मग एका विद्यार्थिनीचा फोन आला. "मावशी, तुम्ही वाचता छान, पण तुमची खोली फार वाजते. मी दीडपट वेगाने ऐकते ना, तेव्हा शब्द एकमेकांवर चढतात."

त्या रात्री हेडफोन लावून मी माझंच रेकॉर्डिंग दीडपट वेगाने ऐकलं. दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं. ती पोर तेच रोज तीन-चार तास ऐकत होती.

नोव्हेंबरमध्ये शुअर कंपनीचा एसएम५८ माईक घेतला. १९६६ पासून बनतो आहे. कार्यक्रमात निवेदकाच्या हातात असतो तोच, गोल जाळीच्या डोक्याचा. डायनॅमिक आहे, म्हणजे आतल्या चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यावर चालतो, त्यामुळे त्याला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे केबलमधून द्यायची वीज, लागत नाही. याच्या नकला बाजारात सर्रास मिळतात, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिल मागा. माईकची तीन पिनांची एक्सएलआर केबल पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणली. माईक, ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी पेटी), टेबलाला लावायचा आर्म आणि केबल मिळून साधारण २१ हजार रुपये गेले. माझ्यासाठी ही रक्कम मोठी होती.

आणि पहिला आठवडा साफ निराशेचा गेला. खोली तशीच वाजत होती.

आमची खोली दहा बाय दहाची, कर्वेनगरात, दुसऱ्या मजल्यावर. खाली गुळगुळीत फरशी, तीन बाजूंना उघड्या भिंती, चौथीला रस्त्याकडची सरकती खिडकी. मधोमध उभं राहून टाळी वाजवली की मागे एक झणझणीत शेपूट ऐकू यायचं. त्यात मी माईक हातभर लांब ठेवून वाचत होते, कारण कंडेन्सरला तशीच सवय होती. डायनॅमिक माईक बाहेरचा आवाज आपोआप गाळतो असं दुकानात सांगतात. मीही तेच धरून चालले होते. ते तसं नाही. त्याच्या जवळ जाऊन बोलावं लागतं, आणि फायदा त्या जवळ जाण्यातच असतो. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की आपला आवाज सहा डेसिबलने वाढतो, भिंतींवरून परतणारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. मी हातभरावरून चार बोटांवर आले आणि त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर माझा आवाज पुढे आला.

उरलेलं काम आजीच्या गोधड्यांनी केलं. माईकचं तोंड माझ्याकडे असतं, म्हणजे माझ्या पाठीमागच्या भिंतीवरचा आवाज थेट त्यात शिरतो. त्या भिंतीला दोन जाड गोधड्या, भिंतीपासून वीतभर पुढे, दोरीवर टाकल्या. खाली सतरंजी अंथरली. पुस्तकांचं कपाट बाजूच्या उघड्या भिंतीला सरकवलं. हा माईक कार्डिऑइड आहे, म्हणजे समोरून जास्त आणि पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. म्हणून त्याची शेपटी खिडकीकडे केली. बाजारात मिळणारे पातळ फोमचे चौकोन मीही आधी लावून पाहिले होते. त्यांनी वरची चकाकी तेवढी जाते, खालची घुमघुम तशीच राहते. ते पैसे वाया गेले.

चार बोटांवर आल्यावर नवं दुखणं सुरू झालं ते फ आणि भ चं. आपल्या भाषेत श्वास सोडून उच्चारायची अक्षरं किती आहेत हे माईकसमोर बसल्यावर कळतं. "भारताच्या फाळणीनंतर" एवढं म्हटलं की दोनदा धप्प. आतल्या जाळीचा फोम थोडं अडवतो, पण पुरत नाही. मी माईक ओठांच्या समोरून हटवून उजव्या गालाच्या कोपऱ्याशी, तिरका, तोंडाकडे रोखून ठेवला. श्वास पुढून निघून जातो, आवाज माईकला मिळतो. वर बाहेरून फोमची टोपी घातली. आता महिन्यातून एखादं भ निसटतं.

जवळ बसल्याने आवाजाला खर्ज चढतो, हेही ध्यानात ठेवा. तो थोडा असला तर कानाला बरा वाटतो, फार झाला की व्यंजनं बुडतात. ८० हर्ट्झच्या खालचं, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतलं, मी रेकॉर्डिंगनंतर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कापते. पण खरा त्रास मान हलण्याचा होता. पुस्तक टेबलावर असलं की पान संपता संपता मान खाली जाते आणि वाक्याचा शेवट विझतो. घरात पोथीची लाकडी ठवणी होती, ती चार जाड पुस्तकांवर चढवून माईकच्या मागे डोळ्यांच्या रेषेत ठेवली. पान उलटताना थांबते आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेते.

इंटरफेसबद्दल थोडं. एसएम५८ चा सिग्नल क्षीण असतो, त्याला भरपूर गेन लागतो, म्हणजे इंटरफेसवर तो बराच वाढवावा लागतो. मला आधी मिळालेला इंटरफेस पाऊण गेनच्या पुढे सूं करायचा, आणि दुकानदार तो बदलून द्यायला तीन आठवडे टाळाटाळ करत होता. घेण्याआधी गेन पूर्ण वर करून हेडफोनवर ऐकून बघा. मी आता मोठ्यातला मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये (शून्य ही वरची हद्द, तिच्यापुढे आवाज फाटतो) राहील असा गेन लावते. काही न बोलता दहा सेकंद रेकॉर्ड केलं तर जुनी खोली उणे ४७ दाखवायची, आता उणे ६२ दाखवते. एसीएक्स या ऑडिओबुक प्रकाशनाच्या संकेतस्थळावर पुस्तक द्यायचं तर ही शांतता उणे ६० च्या खाली लागते. मी तेच माप धरलं.

डिसेंबरात एक बारीक घूं यायला लागली. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची घरघर ५० वर आणि पुढे १००, १५० वर बसते, त्यामुळे नुसतं ८० च्या खाली कापून ती जात नाही. इलेक्ट्रिशियनने एक्स्टेंशन बोर्ड उघडला तर आत अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. ती जोडली आणि घूं गेली. माईकला दोष देण्याआधी बोर्ड तपासा, कारण हा प्रश्न फक्त आवाजाचा नाही.

थेट वाचनासाठी ओबीएस हे थेट प्रसारणाचं सॉफ्टवेअर वापरते. जानेवारीत एका रविवारी ओबीएसमध्ये लॅपटॉपचाच माईक निवडलेला राहिला आणि मुलांनी तासभर पुन्हा जुनी खोली ऐकली. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून सुरू करण्याआधी जाळीवर नखाने टकटक करते. पडद्यावरची आवाजाची पट्टी जोरात उडाली तरच पुढे. ओबीएसमधला नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट गाळणारा फिल्टर, मी बंदच ठेवते. पंख्याचा आवाज तो काढतो, पण त्यासोबत माझ्या वाचनातले हलके ह आणि शब्दाच्या शेवटचे श कुरतडतो. ज्याला पान दिसत नाही त्याला "शाह" आणि "शहा" यातला फरक ऐकूनच कळायचा असतो. लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर ३:१ वर आणि शेवटी आवाज ठरल्या हद्दीपुढे जाऊ न देणारा लिमिटर, एवढंच ठेवलं आहे.

पंखा बंद ठेवावाच लागतो. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला बसून सातपर्यंत उठायचे, तर साडेपाचपासून कोकीळ सुरू. तिच्यावर कुठल्याही माईकचा इलाज चालत नाही. आता पावसाळ्यात पार्किंगच्या पत्र्यावर सर पडली की काम थांबतं, आणि संध्याकाळी नदीकाठून ढोल-ताशांचा सराव ऐकू येतो. या महिन्यात माझे हाती लागलेले तास फक्त दुपारचे, दीड ते तीन.

ज्या मुलीने फोन केला होता तिला मार्चमध्ये अर्थशास्त्राचं पूर्ण पुस्तक पाठवलं. आता ती दुप्पट वेगाने ऐकते. परवा तिने कळवलं की सातव्या प्रकरणात चौदाव्या मिनिटाला माझी खुर्ची करकरते. खुर्चीच्या पायांना तेल घातलं आहे, ते प्रकरण उद्या दुपारी पुन्हा वाचते.