गदर की वीर-झारा?
गणपतीत मंडळाच्या पडद्यावर काय लावायचं, यावर आमच्या यवतमाळकडच्या गावात वाद ठरलेला. ‘गदर’ (२००१) लावला की पोरं सनी देओल हापशी कधी उपटतो याचीच वाट पाहतात, अन् मग नुसत्या शिट्ट्या. पाकिस्तानात बापाच्या घरी कोंडलेली त्याची बायको सकीना त्या गोंगाटात हरवते. ‘वीर-झारा’त (२००४) भांडण देशापेक्षा घराण्याच्या मानाशी जास्त. आपल्या पाकिस्तानी प्रेयसीवर, झारावर आंच येऊ नये म्हणून भारतीय वायुदलातला वीर पाकिस्तानच्या तुरुंगात २२ वर्षं गप्प राहतो, अन् त्याचा खटला लढते पाकिस्तानी वकील सामिया. जुन्या काळातले संगीतकार मदन मोहन यांच्या न वापरलेल्या चाली तर बोनसच. आजी दोन्हींवर फणकारते, “जातीबाहेर पोरगी देत नाही कोनी, अन् चालले पाकिस्तानची सून आनाले!” माझं मत वीर-झाराला. पोरं हापशीच मागतील.