टपावरच्या तंबूत दोघांचा संसार : नामिबिया, बोट्सवाना आणि कालाहारीतला वापरानंतरचा अनुभव

नोकरीनिमित्त आम्ही नवरा-बायको सध्या जोहान्सबर्गला राहतो. गेल्या वर्षी टोयोटाची एक जुनी डबल कॅब हायलक्स पिकअप घेतली, डिझेल, फोर बाय फोर. मागच्या हौद्यावर बंद कॅनॉपी, म्हणजे पेटीसारखं झाकण, आणि त्यावर घडीचा तंबू बसवून घेतला. तेव्हापासून कालाहारी, नामिबिया, बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेतलंच क्रुगर अभयारण्य, सगळीकडे याच तंबूत झोपलोय. भारतातून येणारी बरीच जोडपी हल्ली अशीच तंबूवाली गाडी भाड्याने घेतात आणि त्याआधी आम्हाला विचारतात, घ्यावी का? नामिबिया आणि बोट्सवानासाठी डोळे झाकून घ्या. क्रुगर आणि केप टाउनसाठी घेऊ नका. असं का, ते सविस्तर लिहिते.

आधी तंबूविषयी. जाड कॅनव्हास, आत फोमची गादी, चढायला ॲल्युमिनियमची शिडी. शिडी खेचली की घडी उलगडते आणि दहा मिनिटांत अंथरूण तयार. जमिनीवरच्या तंबूसारखे खडे टोचत नाहीत, विंचवाची धास्ती नाही. पांघरुणं घडीतच राहतात. बंद करणं मात्र कटकटीचं आहे. कापड चारही बाजूंनी आत खोचायचं, गुडघा टेकवून हवा काढायची, मग वरचं कव्हर ओढून चेन लावायची. आणि हे रोज करावं लागतं, कारण आपली गाडी हेच आपलं घर. सकाळी प्राणी बघायला निघायचं तर आधी घर आवरायला हवं. जागा रिकामी दिसली की दुसरं कोणीतरी तिथे गाडी लावतं, म्हणून आम्ही दोन खुर्च्या आणि पाण्याचा कॅन मागे ठेवून जातो.

क्रुगरमध्ये नेमकी हीच गोष्ट खटकते. तिथल्या डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ५० ची आणि कच्च्या रस्त्यावर ४० ची, त्यामुळे दिवसभर सावकाश फिरायचं, दुपारी कॅम्पवर येऊन पडायचं, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचं असा तिथला क्रम. प्रत्येक फेरीला तंबू घालणं-काढणं वैतागाचं होतं. शिवाय तिथे गवती छपराच्या गोल खोल्या आहेत, आत फ्रीज आहे, बाहेर निखाऱ्यांवर स्वयंपाकाची सोय आहे. सासू-सासरे आले तेव्हा आम्ही तिथल्या सटारा आणि लोअर साबी या कॅम्पवर अशाच खोल्या घेतल्या आणि चौघंही मजेत राहिलो. क्रुगर बघायला साधी मोटारसुद्धा पुरते.

नामिबियात हिशेब उलटा होतो. सॉसुसव्लेईला सूर्योदयाच्या वेळी वाळूच्या टेकड्यांवर पोचायचं असेल तर उद्यानाच्या आत मुक्काम हवा. सेस्रिमच्या आतल्या कॅम्पवर राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात, बाहेर राहणाऱ्यांना मुख्य फाटक उघडेपर्यंत थांबावं लागतं. पुढे साठेक किलोमीटर डांबरी रस्ता आणि शेवटचे पाच किलोमीटर निव्वळ वाळू. तिथे टायरची हवा कमी करून, लो रेंज (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर) टाकून, न थांबता गाडी काढायची. चाकं रुतलेल्या गाड्या तिथे नेहमी दिसतात, आणि बहुतेकांच्या टायरमध्ये डांबरी रस्त्याइतकीच हवा असते. आम्ही वाळूत १८ पीएसआयपर्यंत खाली येतो आणि बाहेर पडल्यावर कॉम्प्रेसरने पुन्हा भरतो. डेडव्लेईत आम्ही ऊन वर यायच्या आत पोचलो. पांढऱ्या मातीच्या कोरड्या तळ्यात शेकडो वर्षांपूर्वी वाळलेली काळी झाडं उभी आहेत. हवा इतकी कोरडी की ती कुजतही नाहीत. मागच्या टेकडीवर ऊन आधी येतं आणि तांबडा रंग वरून खाली सरकत जातो, तो पूर्ण वेळ बघायला मिळाला. यासाठी अंधारात तंबू आवरण्याचे कष्ट मला शंभर टक्के मंजूर आहेत.

नामिबियाच्या खडीच्या रस्त्यांनी मात्र तंबूची आणि गाडीची खरी परीक्षा घेतली. डी क्रमांकाच्या, म्हणजे दुय्यम कच्च्या रस्त्यांवर आडव्या लाटा पडलेल्या असतात आणि तासन्‌तास सगळं हादरत राहतं. आमच्या रॅकचे बोल्ट स्प्रिंग वॉशरशिवाय बसवलेले निघाले. दोन दिवसांत ते ढिले झाले आणि नवऱ्याने सॉलिटेअरच्या पेट्रोल पंपावर सगळे नव्याने आवळले. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाना फिरवायचाच, हा आमचा नियम. धूळ पिठासारखी बारीक असते आणि तंबूच्या चेनीत जाऊन बसते. जुन्या टूथब्रशने चेन साफ करायची आणि दातांवर मेणबत्ती घासायची, मग ती नीट चालते. टपावरच्या वजनामुळे गाडीचा तोल वर गेलेला असतो. खडीवर अचानक ब्रेक मारला किंवा स्टिअरिंग झटक्याने वळवलं तर गाडी उलटू शकते, पर्यटकांचे तिथले बरेच अपघात असेच होतात. आम्ही ८० च्या वर जात नाही. डिझेलही जास्त लागतं, पण ते चालतं.

समुद्रकाठी तंबू विसरा. स्वाकोपमुंडला थंड बेंग्वेला प्रवाहामुळे धुकं येतं, वारा सुटतो आणि कापड रात्रभर फडफडत राहतं. तिथे सरळ खोली घ्यावी. ओल हा या तंबूचा दुसरा शत्रू. बंद तंबूत दोघांच्या श्वासाने गादीखाली पाणी साचतं. जाळीदार चटई गादीखाली घातल्यावर ते कमी झालं. ओला तंबू घडी करून ठेवला तर बुरशी धरणारच, म्हणून हिवाळ्यात पाऊस पडणाऱ्या केपला हा पर्याय मी कुणालाही सुचवत नाही. मोठ्या शहरांत आणखी एक अडचण म्हणजे उंची. मॉलच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये आमची गाडी शिरतच नाही.

थंडीचं म्हणाल तर जुलैत कालाहारीतल्या नोसोबला रात्री पारा शून्याखाली गेला आणि सकाळी किटलीतलं पाणी गोठलेलं होतं. स्लीपिंग बॅगपेक्षा घरची जाड रजाई आणि लोकरी टोपी जास्त उपयोगी. तिथे कोल्हे कॅम्पमध्ये बिनधास्त फिरतात आणि बाहेर ठेवलेले बूट पळवतात, त्यामुळे बूट शिडीजवळच्या पिशवीत.

स्वयंपाकाबद्दल बायका नक्की विचारतात, म्हणून लिहिते. मागे चाळीस लिटरचा फ्रीज, दुसरी बॅटरी, वर सोलर पॅनल, गॅसची छोटी टाकी आणि माझा प्रेशर कुकर. डाळ, पोहे, मसाले जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागातून भरून नेतो. कॅमल थॉर्न या तिथल्या बाभळीसारख्या काटेरी झाडाच्या लाकडाचे निखारे खूप वेळ टिकतात, त्यावर वांग्याचं भरीत अप्रतिम होतं. बोट्सवानात ज्वारीचं पीठ दुकानात सहज मिळतं. ते लापशीसाठी जाडसर दळलेलं असल्याने भाकरी तुटते, थालीपीठ मात्र खमंग लागतं. मांस खाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, लाळ्या-खुरकतामुळे जनावरांच्या आरोग्यासाठी घातलेल्या कुंपणांवर कच्चं मांस काढून घेतात, चाकांवर औषध फवारतात आणि आपल्याला चपला ओल्या फडक्यावर टेकवायला लावतात.

आता बोट्सवाना. ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या काठावर ख्वाईला आणि मोरेमीत कॅम्पला कुंपण नसतं. अंधार पडल्यावर शिडीवरून खाली उतरायचं नाही, हा नियम आम्ही काटेकोर पाळतो. रात्रीच्या लघवीसाठी झाकणाचा डबा वर घेऊनच झोपतो. संकोच वाटतो, पण प्रत्येकाने हीच सोय करावी. ख्वाईला एका रात्री अगदी जवळ घर्र असा आवाज आला. जाळीतून पाहिलं तर हत्ती आमच्या गाडीशेजारच्या झाडाला कपाळ लावून उभा. त्याने झाड हलवलं, शेंगा टपटप टपावर पडल्या. मग सोंडेच्या टोकाने तो एकेक शेंग उचलायचा, धूळ झटकायचा आणि तोंडात टाकायचा. त्याच्या पोटातली गुरगुर आणि दाढांखाली शेंग फुटल्याचा आवाज ऐकत आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून बसलो. एक कागदही वाजवला नाही. बराच वेळ खाऊन तो शिडीला धक्काही न लावता निघून गेला. भिंतीच्या खोलीत हे कधीच मिळालं नसतं. मात्र गाडीत किंवा तंबूत संत्री, केळी अशी वासाची फळं उघडी ठेवू नयेत, हत्तींना त्यांचा वास लांबून लागतो.

नामिबियातल्या एटोशा अभयारण्यात तंबूचं महत्त्व त्यामानाने कमी. तिथल्या ओकाऊकुएजो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. तिथल्या बाकावर रजाई गुंडाळून बसलं की काळे गेंडे पाण्यावर येतात. खोली घ्या नाहीतर तंबू, बाक तोच. जून ते ऑगस्टच्या जागा लवकर संपतात, बुकिंग आधी करा आणि विमानाची तिकिटं नंतर काढा. बोट्सवानातल्या चोबे, ओकावांगो भागात मलेरिया आहे, डॉक्टरांना विचारून गोळ्या घ्या.

गुडघे दुखत असतील किंवा रात्री वारंवार उठावं लागत असेल तर हा तंबू नको. नवीन घेणाऱ्यांनी कडक कवचाचा तंबू बघावा. महाग असतो, पण बंद करायला फारच कमी वेळ लागतो. आमचा झिजला की आम्ही तोच घेणार आहोत.

भाड्याने घेणाऱ्यांनी स्टेपनी दोन मागाव्यात, कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज आहे का ते पाहावं, टायर आणि काच विम्यात आहेत का हे लेखी घ्यावं. सीमा ओलांडायची असेल तर गाडीमालकाचं परवानगीपत्र सोबत हवंच. आणि ताबा घेताना तिथल्या माणसाला बाजूला उभं करून तंबू तुम्ही दोघांनी उघडून, बंद करून बघा. प्रत्येक चेन पूर्ण ओढा, शिडीचे खटके तपासा, रॅकचे बोल्ट हाताने हलवून पाहा.