ओरिजिनल जपानी म्हणून नकली एअरब्रश गळ्यात मारला, घेणाऱ्यांनी वाचून घ्या

राजेहो, मॉडेल रंगवायला एअरब्रश, म्हणजे हवेनं रंग फवारायचा पेनासारखा ब्रश, घ्यायचं मनात असेल आणि कोणी अर्ध्या किमतीत ओरिजिनल इवाता, म्हणजे त्या जपानी कंपनीचा ब्रश, देतो म्हणून मागं लागला असेल, तर थोडं थांबा, हे वाचा अन् मग काय ते पैसे पाठवा.

मी दारव्हा तालुक्यातला, घरची शेती आहे आणि सोबत छोटे मॉडेल रंगवायचा नाद. तान्ह्या पोळ्याच्या आधी लाकडी नंदी रंगवून देतो त्याचे चार पैसे येतात, बाकी वेळ १:३५ मापाचे रणगाडे नाहीतर २८ मिलिमीटरचे सैनिक, आणि सध्या आपल्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन बनवून राहिलो, ते आमच्या भागात १९९४ पर्यंत चालायचं. आता काळ्या इंजिनावर काजळी आणि चाकापाशी धूळ दाखवायची तर साध्या ब्रशचे पट्टे दिसतात, किती पातळ करा रंग, दिसतातच. म्हणून इवाताचा इक्लिप्स एचपी-सीएस घ्यायचं ठरवलं. वरून कप, डबल अॅक्शन, म्हणजे बटण दाबलं की हवा आणि मागं ओढलं की रंग, नोझल, म्हणजे रंग निघायचं तोंड, ०.३५ मिलिमीटरचं. बारीक कामही होते आणि प्रायमरही मारता येते, ०.२ वालं जाड रंगानं लवकर चोंदते म्हणून ते नको होतं.

एका ग्रुपवर एकाची जाहिरात दिसली, दुकान बंद करून राहिलो, स्टॉक काढायचा आहे, मुंबईचा माल. बोलणं हिंदीत, "भाई, सीलपॅक है, जापान का माल है." भाव सहा हजार आठशे, म्हणजे बाजारात याच्या कितीतरी पुढं जाते. मी व्हिडिओ मागितला तर गड्यानं लगेच पाठवला, त्यात ब्रश खोलून दाखवला, रेघ मारून दाखवली, केसाएवढी बारीक. आता सांगतो, त्या व्हिडिओतला ब्रश खराच होता. खरा एक जवळ ठेवायचा, सगळ्यांना तोच दाखवायचा आणि पाकिटात दुसराच टाकायचा, हा यांचा धंदा.

दोन हजार अॅडव्हान्स यूपीआयनं मागितले, स्क्रीनवर नाव भलत्याच बाईचं आलं, विचारलं तर म्हणे "भाभी का अकाउंट है." उरलेले पाकीट आल्यावर. पोस्टमनदादा आले, मी म्हटलं खोलून पाहू द्या, तर ते म्हणे, "आधी पैसे द्या, मंग खोला बाप्पा, मले तसंच करा लागते." त्यांचाही दोष नाही, नियमच तसा. पैसे दिले, पाकीट खोलताना पुतण्याला मोबाईलवर शूटिंग करायला लावलं, ते पुढं लय कामी आलं.

डब्बा पाहून कोणालाच शंका येणार नाही, छपाई एकदम बरोबर. पण आत एक इवलासा पाना निघाला. तिथंच डोक्यात घंटी वाजली, काऊन की इक्लिप्स सीएसचं नोझल आट्यांचं नसतेच, ते नुसतं जागेवर बसते आणि पुढच्या टोपीनं दाबून राहते, काढायला पाना लागतच नाही. याचं नोझल मात्र मुंगीएवढं, आट्यांचं. खोलायला गेलो तर आटे इतके कच्चे की जरा जोर पडला असता तर अर्धं नोझल आतच तुटून राहिलं असतं. सुईचं टोक भिंगाखाली पाहिलं, वाकडं, हुकासारखं. पाणी टाकून हवा सोडली, प्रेशर वीस पीएसआय, तर कपात बुडबुडे. कपात बुडबुडे म्हणजे नोझल नीट बसत नाही आणि हवा उलटी रंगात घुसून राहिली. रंग टाकल्यावर रेघ कसली येते, थुंकल्यासारखे शिंतोडे. लॅकर थिनरनं धुतला तर कपाच्या आतली चकाकी पापडासारखी सुटली, खालून पितळ. पितळ खऱ्यातही असते, पण त्याचा मुलामा एका धुण्यात उतरत नाही.

त्याला फोन केला. पहिले म्हणे नोझल टाइट करा. मग म्हणे तुमचा कॉम्प्रेसर खराब. मग म्हणे "ओरिजिनल नोजल भेज देता हूं, बस बारह सौ डाल दो." इथं ध्यान द्या, ही दुसरी लूट आहे, पहिले पैसे वाचवायच्या नादात माणूस हेही देऊन टाकते. मी नाही दिले, बिल मागितलं. बिल आलं, जीएसटी नंबरही होता, पण सुरुवातच ०७ नं. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होते, ०७ दिल्लीचा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की कोणाचा आहे ते फुकटात दिसते, मी टाकला तर नाव तिसरंच आणि नोंदणी रद्द झालेली. हे त्याला पाठवलं आणि गड्यानं ब्लॉक केलं.

अॅडव्हान्स गेल्या गेल्या संशय आला तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, लगेच फोन करा, जितका लवकर तितके पैसे अडवायचे चान्स जास्त. माझ्या बाबतीत वस्तू आलेली होती म्हणून तिकडून ग्राहकांच्या हेल्पलाइनवर, १९१५ वर, जा म्हटलं. तिथं तक्रार केली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकून राहिलो. लोक म्हणतात दिल्लीच्या माणसावर दिल्लीलेच केस करा लागते, तसं नाही, २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे आपलं यवतमाळ, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. पाकीट खोलतानाचा व्हिडिओ, यूपीआयची पावती, चॅट, सगळं जोडलं. पैसे अजून आले नाहीत.

आणि हो, मी चायनीजच्या विरोधात नाही बरं. हजार-दीड हजाराचा ब्रश चायनीज सांगूनच विकला तर त्यात फसवणूक कुठं, सध्या मी तसाच एक वापरून राहिलो, नंदीच्या अंगाला मस्त बसते, इंजिनाचं बारीक काम तेवढं अडलं. उरलेले पैसे तीन लिटर टाकीच्या कॉम्प्रेसरमध्ये घाला, बिनटाकीवाल्याची हवा धडधडत येते. मॉइश्चर ट्रॅप पाह्यजेच, पावसाळ्यात नळीत पाणी साचते. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात रंग सुईच्या टोकावरच वाळते, रंग हळू वाळवणारं रिटार्डर टाका नाहीतर पहाटेच रंगवा.

तो माणूस अजून फिरून राहिला, नाव आणि फोटो बदलले, व्हिडिओ मात्र तोच. हिरव्या कटिंग मॅटवर डाव्या हातानं रेघ मारते आणि मागं कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. तुम्हाला तो आला तर त्याला एवढंच म्हणा, आज सकाळच्या पेपरवर तारखेपाशी रेघ मारून दाखव.