वॉव क्लासिकमध्ये हीलर करताय? मग ड्वार्फ घ्या, चेहरा बघत बसू नका

पहिलंच सांगतो, हा रिव्ह्यू वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट (वॉव) ह्या ऑनलाइन गेमच्या क्लासिकचा आहे. म्हणजे २००४ ला जो मूळ गेम आला तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये परत काढला ना, तो. रिटेलमध्ये, म्हणजे आत्ताच्या चालू गेममध्ये, हीलरच्या (बाकीच्यांना बरं करणाऱ्याच्या) रेसनं, म्हणजे जमातीनं, फार काही बिघडत नाही, तिथं जी आवडेल ती घ्या. पण क्लासिकमध्ये प्रीस्ट हा हीलर क्लास करणार असाल तर थांबा जरा, कारण इथं प्रत्येक रेसच्या प्रीस्टला दोन-दोन स्पेल वेगळे मिळतात आणि कॅरेक्टर काढताना आपलं सगळं लक्ष असतं केसांवर आणि चेहऱ्यावर. मी तसंच केलं होतं.

आम्ही पाचजण खेळतो. दोघं कोल्हापुरात, मावसभाऊ इचलकरंजीला, एकजण पुण्यात आणि एक गडहिंग्लजचा. मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, सेकंड शिफ्ट असली की घरी येऊन जेवून बसेपर्यंत साडेबारा होतात, पण पोरं थांबतात कारण हीलर मी आहे आणि हीलरशिवाय डंजनच्या (राक्षसांनी भरलेल्या जागेच्या) दारात जाऊन काय करणार. मावसभाऊ टँक, म्हणजे पुढं उभं राहून मार खाणारा, ह्यूमन वॉरियर. त्यानं आधीच कॅरेक्टर काढलं होतं म्हणून गेमच्या दोन बाजूंपैकी (अलायन्स आणि हॉर्ड) आम्ही सगळे अलायन्समध्ये गेलो, त्यात दुसरा काही विचार नव्हता.

मी नाइट एल्फ घेतली. दिसायला सुंदर, चालणं सुंदर, टेल्ड्रासिलचं ते जांभळं जंगल आणि मागं वाजणारं म्युझिक, अजून आठवलं तरी बरं वाटतं. पण बाकीचे चौघं ह्यूमन, एल्विनमध्ये, आणि मी समुद्रापलीकडं. त्यांनी डेडमाइन्स ह्या डंजनला जायचं ठरवलं तेव्हा मला ऑबर्डीन बंदरावरनं बोट धरून मेनेथिलला उतरून वेटलँड्समधनं पळत जायला लागलं, आणि तिथल्या मगरी माझ्या लेव्हलच्या कितीतरी वर. तीनदा मेलो. मग लॉक मोडान, मग आयर्नफोर्ज, मग ट्रामनं स्टॉर्मविंड, तिथनं पुढं वेस्टफॉल. पोरं तोवर थांबली होती, कुणी काही बोललं नाही, पण मला लई वाईट वाटलं. ड्वार्फ असतो तर आयर्नफोर्जमधनं डायरेक्ट ट्राम, पाच मिनिटांत त्यांच्यासोबत.

तरी ते एकदाचं असतं, विसरता येतं. खरा प्रॉब्लेम स्पेलचा. नाइट एल्फ प्रीस्टला मिळतात स्टारशार्ड्स आणि एलून्स ग्रेस. पहिला डॅमेजचा, दुसरा आपला डॉज (मार चुकवणं) वाढवणारा आणि लांबनं येणारा मार कमी करणारा. हीलरला ह्यातलं रोज काय लागतं? शॅडोमेल्ड आहे, पण क्लासिकमध्ये तो लढाई चालू असताना लागत नाही, म्हणजे अंगावर आलेला राक्षस बघून लपायचं तर जमत नाही.

स्कार्लेट मॉनेस्ट्रीच्या कॅथेड्रलमध्ये एका रात्री हॉलमधली माणसं एकावर एक येत गेली. टँकनं पाच धरली होती, दोन सुटून माझ्याकडं आली, माझा माना (स्पेल टाकायला लागणारी ताकद) तळाला. स्वतःला हील करू का टँकला, एवढाच प्रश्न, आणि माना एकालाच पुरेल एवढा. मी टँकला दिला. मी मेलो, मग दहा सेकंदात टँक, मग सगळे. मावसभाऊ हेडफोनवर म्हणाला, "भावा, तू बरोबरच केलंस की." केलं बरोबरच. पण त्याच जागी ड्वार्फ किंवा ह्यूमन प्रीस्ट असता तर त्याच्याकडं डेस्परेट प्रेयर असती. मानाशिवाय, झटक्यात, स्वतःचा मोठा हील. दहा मिनिटांत एकदाच मिळतो पण तो एकदा मिळाला की टँकसाठी ठेवलेला माना टँकलाच जातो. त्या रात्री झोप लागली नाही मला, दुसऱ्या दिवशी ड्वार्फ काढला, पुन्हा लेव्हल एकपासून.

आता ड्वार्फबद्दल. डेस्परेट प्रेयर लेव्हल १० ला, आणि २० ला फिअर वॉर्ड. हा फिअर वॉर्ड म्हणजे ड्वार्फ घेण्याचं अर्धं कारण. ज्याच्यावर टाकाल त्याच्यावर येणारा पुढचा एक फिअर (घाबरवून पळवणारा स्पेल) वाया जातो. दहा मिनिटं टिकतो, आणि दर तीस सेकंदांनी परत टाकता येतो. अलायन्समध्ये क्लासिकला हा फक्त ड्वार्फ प्रीस्टकडं असतो. हॉर्डकडं शामन क्लासचा फिअर घालवणारा ट्रेमर टोटेम असतो, अलायन्सला शामनच नाही, म्हणून ह्याची किंमत जास्त.

हे कळलं ओनिक्सिया ह्या ड्रॅगनशी लढताना. गिल्डची (आमच्या खेळाडूंच्या गटाची) चाळीस माणसांची रेड, म्हणजे मोठी मोहीम, माझी पहिलीच. बाहेर जुलैचा पाऊस, पंचगंगेची पातळी किती झाली म्हणून आई टीव्हीसमोर, आणि मी यूपीएसवर खेळतोय कारण आमच्या गल्लीत लाइट कधी जाईल सांगता येत नाही. तिसऱ्या टप्प्यात ओनिक्सिया खाली उतरली की गर्जना करते आणि जवळचे सगळे घाबरून सैरावैरा पळतात. टँक पळाला तर तिचं तोंड फिरतं आणि ती आग बाकीच्यांच्या अंगावर. मला एकच काम दिलं होतं, टँकवर फिअर वॉर्ड संपू द्यायचा नाही. आम्ही दोघं ड्वार्फ होतो, आळीपाळीनं टाकायचो, हील थांबवून टाकायचो. एकदाही टँक हलला नाही. सगळे पळतायत आणि तो एकटा जागेवर उभा, हे बघून जे वाटलं ते मी शब्दांत काय सांगू. मॉल्टन कोर ह्या रेडमध्ये मॅगमाडार बॉसला पण हेच, तो दर थोड्या वेळानं पॅनिक टाकतो.

तिसरी गोष्ट स्टोनफॉर्म. अंगावरचं विष, रोग आणि ब्लीड (रक्तस्राव) जातं, आठ सेकंद परत लागत नाही आणि वर आर्मर १० टक्के वाढतं. प्रीस्टला रोग काढता येतो, मॅजिक काढता येतं, पण विष काढता येत नाही, म्हणजे ही रेस बरोबर आपलं भोक बुजवते. समोर रोग (Rogue) क्लासचा खेळाडू असेल तर विचारूच नका, क्लासिकमध्ये त्याचा ब्लाइंड हा विषात मोडतो, त्यामुळं स्टोनफॉर्मनं तो पण निघतो.

वाईट बाजू? सुरुवातीला इंटेलेक्ट (एकूण माना ठरवतं) आणि स्पिरिट (माना भरायचा वेग ठरवतं) ह्यूमनपेक्षा एकेक पॉइंटनं कमी. ६० ला, म्हणजे शेवटच्या लेव्हलला, ते कळत पण नाही. दुसरं म्हणजे रेडमध्ये ड्वार्फ प्रीस्ट दिसला की फिअर वॉर्डची जबाबदारी त्याच्याच गळ्यात, हील मीटरवर (कुणी किती हील केलं त्या यादीत) तुम्ही खाली दिसणार आणि ते तुम्हाला चालवून घ्यायला पाहिजे. मला चालतं. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस होतात तेव्हा आख्खी गॅलरी स्ट्रायकरचं नाव घेऊन ओरडत असते, पण नव्वद मिनिटं जाळी कोरी ठेवणारा गोलकीपर घरी जाताना त्याच्या टीमच्या पोरांना माहीत असतो. मी शाळेत गोलकीपरच होतो.

ह्यूमनबद्दल लोक म्हणतात स्पिरिट ५ टक्के जास्त, म्हणून हीलरला तीच बेस्ट. मी वहीत हिशोब मांडला. समजा ६० ला गिअर घालून स्पिरिट ३०० आहे, तर ५ टक्के म्हणजे १५. प्रीस्टचा माना दर दोन सेकंदाला स्पिरिटच्या चौथ्या हिश्शानं वाढतो, म्हणजे १५ मुळं दर दोन सेकंदाला पावणेचार माना. तो पण कधी, तर स्पेलवर माना खर्च करून पाच सेकंद झाल्यावर. त्या पाच सेकंदात स्पिरिटचं मिळणं बंद असतं, मेडिटेशन टॅलेंट पूर्ण घेतला तर त्यातलं १५ टक्के मिळत राहतं. स्पिरिच्युअल गाइडन्स पूर्ण असेल तर स्पिरिटच्या २५ टक्के हीलिंगमध्ये येतं, म्हणजे अजून चारेक पॉइंट. वाईट नाही, पण ह्यासाठी फिअर वॉर्ड सोडायचा? मला पटत नाही. ह्यूमनला डेस्परेट प्रेयर मिळते हे मात्र खरं, आणि डिप्लोमसीमुळं रेप्युटेशन १० टक्के जास्त मिळतं, ज्यांच्याकडं वेळ कमी आहे त्यांना ते फार उपयोगी. तुमच्या ग्रुपमध्ये आधीच एखादा ड्वार्फ प्रीस्ट असेल तर दुसरा ह्यूमन बिनधास्त घ्या.

हॉर्डवाल्यांसाठी थोडक्यात, कारण तिकडं मी गडहिंग्लजच्या पोराच्या अकाउंटवर बसून बघितलंय तेवढंच. प्रीस्टला अनडेड आणि ट्रोल दोनच. अनडेडकडं विल ऑफ द फॉरसेकन, स्वतःवरचा फिअर, चार्म, झोप उडवतो, माणसांविरुद्ध खेळणार असाल तर हाच. ट्रोलकडं बर्सर्किंग, दहा सेकंद कास्टिंग १० ते ३० टक्के फास्ट, आणि आपलं हेल्थ जेवढं कमी तेवढा वेग जास्त. रेडमध्ये सगळ्यांना एकदम मार बसतो तेव्हा दहा सेकंदात एक-दोन हील जास्त निघतात, ते मला आवडलं. पण दोन्हीकडं प्रीस्टचे खास स्पेल आहेत ते शत्रूला त्रास द्यायचे, दुसऱ्याला हील करणारा एक पण नाही.

ड्रुइडला निवड नसते. अलायन्सला नाइट एल्फ, हॉर्डला टॉरेन, संपलं. टॉरेनचा वॉर स्टॉम्प जवळच्या पाचजणांना दोन सेकंद थांबवतो आणि दोन सेकंदात हीलर लांब सरकू शकतो, म्हणून टॉरेन हीलर मला नाइट एल्फपेक्षा बरा वाटतो. पॅलाडिन करणार असाल तर ह्यूमन नाहीतर ड्वार्फ, आणि तिथं पण मी ड्वार्फच म्हणेन, स्टोनफॉर्मसाठी. पॅलाडिनला विष स्वतःच काढता येतं हे खरं, पण ब्लीड काढता येत नाही.

अजून एक, हार्डकोर खेळणाऱ्यांसाठी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये जे ऑफिशियल हार्डकोर सर्व्हर आले तिथं मेलं की कॅरेक्टर गेलं. तिथं डेस्परेट प्रेयर नसलेला प्रीस्ट मी तरी काढणार नाही. माझा तिथला ड्वार्फ आता ३४ ला आहे आणि दोनदा त्या एका बटणानं वाचलाय, दोन्ही वेळा हेल्थ शंभराच्या खाली होतं.

आणि बर्निंग क्रुसेड खेळणार असाल तर वरचं गणित थोडं बदलतं, कारण त्या एक्स्पान्शनमध्ये फिअर वॉर्ड सगळ्याच प्रीस्टना दिला. तिथं ड्वार्फचं वेगळेपण कमी होतं, स्टोनफॉर्म राहतो.

नाइट एल्फ मी डिलीट केलेली नाही. ती अजून डार्नाससच्या बँकेसमोर उभी आहे, माझा कापूस, रेशीम, औषधी झाडपाला सगळा तिच्याकडं. पुण्याचा मित्र परवा विचारत होता, त्याच्या बायकोला खेळायचंय, तिला हीलर आवडतोय आणि नाइट एल्फच पाहिजे म्हणते, काय सांगू. मी म्हटलं, वहिनींना ड्रुइड काढून दे, नाइट एल्फ पण होईल, हीलर पण होईल, आणि वेटलँड्समधनं आणायला मी येतो, रस्ता माझ्या ओळखीचा आहे. शनिवारी रात्री अकराला ऑबर्डीनच्या धक्क्यावर भेटायचं ठरलंय.