प्रागमध्ये पैसे बदलताय? आधी हे वाचा

व्हिएन्नाहून रेल्वेने चार तासांत प्राग येतं. वाटेत कुणी पासपोर्ट बघत नाही, सीमा कुठे ओलांडली तेही कळत नाही, आणि मग आपण गृहीत धरतो की पाकिटातले युरो इथेही चालतील. चेक प्रजासत्ताक 2004 पासून युरोपीय संघात आहे, 2007 पासून शेंगेनमध्येही (आपसांतल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या देशांच्या गटातही) आहे, पण चलन मात्र त्यांनी आपलं स्वतःचं ठेवलंय, कोरुना. पर्यटकांच्या भागातली काही दुकानं युरो घेतात, पण दर त्यांच्या मर्जीचा आणि सुट्टे कोरुनांत. म्हणजे पैसे बदलणं आलं. आणि नेमका तिथेच गंडा घालायला माणसं बसलेली असतात. काही खिडकीच्या आत, काही बाहेर रस्त्यावर.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, आमचे हे, माझी थोरली नणंद, म्हणजे ताई, आणि त्यांचे यजमान. दोन्ही प्रकारचे ठग आम्हाला एकाच दुपारी भेटले. मला रस्त्यावरचा, ताईंना खिडकीतला. ताईंचे पैसे परत आले, माझे गेले ते गेले. हा फरक कशामुळे पडला ते समजावं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

वाक्लाव चौक म्हणजे नावालाच चौक, खरं तर लांबलचक चढता रस्ता आहे. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालय, त्याच्यासमोर संत वाक्लावचा घोड्यावरचा पुतळा, आणि दोन्ही बाजूंना दुकानं, हॉटेलं, पैसे बदलण्याची केंद्रं. त्यातल्या एका केंद्राच्या फलकावरचा दर मी बघत होते. तेवढ्यात बाजूला एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, नीटनेटका, इंग्रजी बरं बोलणारा. म्हणाला, "मॅडम, इथे नका बदलू, लुटतात. मी पंचवीस देतो, कमिशन नाही." फलकावरचा दर खरंच वाईट होता, आणि एका युरोला पंचवीस कोरुना हा बाजारभावाच्या अगदी जवळचा आकडा होता. कुणी तीस देतो म्हणाला असता तर मी सरळ पुढे गेले असते. हे लोक मात्र वाजवी आकडाच सांगतात, इतका वाजवी की संशय घ्यायला जागाच उरत नाही.

शंभर युरो दिले. त्याने खिशातून दुमडलेली गड्डी काढली, माझ्यासमोर बोटांनी भराभर मोजली, वरची शंभर कोरुनांची नोट उलगडून दाखवली आणि गड्डी माझ्या मुठीत ठेवून मूठ मिटवली. मग रस्त्यापलीकडे मान वळवून "पोलीस" असं पुटपुटला आणि चालता झाला. ते "पोलीस" आपल्यासाठीच असतं, हे नंतर समजलं. अशी अदलाबदल तिथे बेकायदा आहे, त्यामुळे आपणही घाईघाईने नोटा पर्समध्ये टाकतो. रस्त्यात उभं राहून मोजत कोण बसणार?

थोडं खाली एका टपरीवर सॉसेज भाजत होते. यांना भूक लागली होती. पैसे द्यायला गड्डीतली नोट काढली, तर काउंटरवरच्या बाईने ती बोटाने परत सरकवली. दुसरी दिली, तीही सरकवली. मग तिने आपल्या गल्ल्यातली एक नोट काढून माझ्या नोटेशेजारी ठेवली. बोलली काही नाही, नुसती बघत राहिली. तेव्हा पहिल्यांदा मी त्या नोटा नीट पाहिल्या. तिच्या नोटेवर दाढीवाल्या माणसाचा चेहरा. माझ्या नोटेवर कसलीशी इमारत आणि अक्षरं रशियन वळणाची. बेलारूसच्या जुन्या रुबलच्या नोटा होत्या त्या. त्या देशाने 2016 मध्ये चलनातली चार शून्यं उडवली. आता त्या जुन्या नोटांना किंमत नाही. ठगांना त्या कागदाच्या भावात मिळत असणार. बल्गेरियाच्या 1999 आधीच्या बाद लेव्हा नोटाही अशाच खपवल्या जातात. वरची शंभराची नोट तेवढी खरी निघाली.

ओळखायची खूण सोपी आहे. आज चालणाऱ्या कोरुनाच्या प्रत्येक नोटेवर माणसाचा चेहरा असतो. शंभरावर राजा चौथा कारेल, दोनशेवर शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की, पाचशेवर लेखिका बोझेना न्येम्त्सोव्हा, हजारावर इतिहासकार पालात्स्की, दोन हजारावर गायिका एमा डेस्टिनोव्हा, पाच हजारावर पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक. नावं पाठ करायची गरज नाही. चेहरा नसेल, किंवा अक्षरं रोमन लिपीतली नसतील, तर ती कोरुना नाही. हे दोन सेकंदांत दिसतं, फक्त नोट उलगडून बघायला हवी.

आम्ही पोलिसांकडेही गेलो. वाक्लाव चौकाच्या खालच्या टोकाजवळ, युंगमान चौकात पोलीस ठाणं आहे. तिथे परदेशी लोकांची तक्रार दुभाष्यामार्फत घेतात. वागणूक चांगली होती, कागद झाला. पण नाव नाही, पावती नाही, तो माणूस कुठे गेला माहीत नाही. पैसे परत मिळतील अशी आशा त्यांनीही दाखवली नाही.

आता ताईंची गोष्ट. त्या रस्त्यावरच्या कुणाच्या नादी लागल्या नाहीत, रीतसर केंद्रात गेल्या. काच, खिडकी, छापील पावती, सगळं कसं नीट. बाहेर "शून्य टक्के कमिशन" असं ठळक लिहिलेलं. तीनशे युरो आत सरकवले, 5,940 कोरुना हातात आले. म्हणजे दर 19.80. त्या आठवड्यात बँकेचा दर साडेचोवीसच्या आसपास होता. हिशेबाने सात हजारांच्या वर मिळायला हवे होते. कमिशन खरंच शून्य होतं, सगळी कमाई दरातच काढलेली. आपल्याकडे "मजुरी फुकट" म्हणून पाटी लावतात आणि सोन्याचा भाव वाढवून लावतात, तशीच ही गत.

ताई म्हणाल्या, "जाऊ दे गं वहिनी, आता सही केली आपण." माझे शंभर युरो नुकतेच गेलेले, त्यामुळे कुणाचंच काही जाऊ द्यायच्या मनःस्थितीत मी नव्हते. हॉटेलवर आलो आणि स्वागतकक्षातल्या मुलीला पावती दाखवली. तिने आधी घड्याळ पाहिलं, मग पावतीवर छापलेल्या वेळेभोवती पेनने गोल केला. म्हणाली, "अजून वेळ आहे, लगेच जा."

तिने सांगितलं ते असं. एप्रिल 2019 पासून तिथे कायदा आहे. केंद्रात पैसे बदलले आणि मन बदललं, तर तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही, दंड लागत नाही. मर्यादा हजार युरोंइतकी. त्याच केंद्रात जायचं, पावती दाखवायची, मिळालेले कोरुना परत द्यायचे, आपले युरो परत घ्यायचे. प्रागमधल्या या केंद्रांनी पर्यटकांना इतकी वर्षं लुबाडलं की शेवटी हा कायदाच करावा लागला. या केंद्रांवर देखरेख असते ती चेक नॅशनल बँकेची, म्हणजे आपल्या रिझर्व्ह बँकेसारख्या संस्थेची. त्या मुलीने "करारातून माघार घेत आहोत" असं चेक भाषेत एका चिठ्ठीवर लिहून दिलं आणि खाली बँकेची आद्याक्षरं लिहिली.

ट्रामने परत गेलो. खिडकीतल्या तरुणाने आधी मान हलवली, "व्यवहार पूर्ण झाला, आता काही होत नाही." ताईंनी चिठ्ठी काचेला टेकवून धरली. त्याने वाचली, फोन उचलला, आत गेला, आम्हाला ताटकळत ठेवलं. हे मुद्दाम असावं, कारण घड्याळ चालूच होतं. पण ताई सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, खिडकीपाशी उभं राहण्याचा त्यांना कंटाळा नाही. मागे दोघं-तिघं रांगेत येऊन थांबले आणि ते काय चाललंय विचारू लागले, तसा तो बाहेर आला. एका कागदावर सही घेतली आणि तीनशे युरो मोजून दिले.

म्हणून पावती सोडू नका. बदललेले पैसे तीन तास तरी खर्चू नका. आणि नोटा आत सरकवण्याआधी एकच प्रश्न विचारा, "शंभर युरो दिले तर हातात किती कोरुना येतील?" आकडा कागदावर लिहून घ्या, मोबाईलवर बँकेचा दर बघा, मग ठरवा. फलकावरचे "खरेदी-विक्री"चे रकाने वाचत बसू नका. केंद्र तुमचे युरो खरेदी करतं, त्यामुळे जो आकडा मोठा दिसतो तो बहुधा तुमच्यासाठी नसतोच.

एटीएमचंही थोडं सांगते, कारण भारतीय कार्डवाल्यांना तिथेही चुना लागतो. पर्यटकांच्या गल्ल्यांत बँकेची नसलेली यंत्रं बरीच आहेत. पडद्यावर आधीच भल्यामोठ्या रकमा दाखवतात. नंतर विचारतात, रक्कम रुपयांत वळती करून देऊ का? "गॅरंटीड रेट" वगैरे लिहिलेलं असतं. आपले रुपये पाहून बरं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. नको म्हणा. "विदाउट कन्व्हर्जन" हाच पर्याय निवडा, मग कार्डच्या जाळ्याचा (व्हिसा, मास्टरकार्ड वगैरेंचा) दर लागतो आणि तो बराच बरा असतो. दुकानातल्या कार्डयंत्रावरही हाच प्रश्न येतो. कोरुना निवडायचं, रुपये नाही. शक्यतो खऱ्या बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम शोधा. युरो भरलेलं फॉरेक्स कार्ड असेल तर कोरुनासाठी वेगळं शुल्क पडतं, ते निघण्याआधी बँकेत विचारून घ्या.

खरं तर रोख फारशी लागतच नाही. ट्राममध्ये बसल्यावर कार्ड टेकवून तिकीट काढता येतं, बहुतेक उपाहारगृहांत कार्ड चालतं. युरो परत मिळाल्यावर ताईंनी ते बदललेच नाहीत. उरलेली सहल कार्डावर झाली. रोख लागली ती एकदाच, जुन्या शहराच्या चौकात, भाजलेलं हॅम विकणाऱ्या टपरीवर. तिथेही भाव शंभर ग्रॅमचा लिहिलेला होता आणि विक्रेता न विचारता जाडजूड तुकडा कापायला लागला होता. यांनी त्याचा हात थांबवला, आधी वजन करायला लावलं, मग हो म्हणाले.